हिरवी पावलं

कुरणाच्या कुंपणापाशी झुंबड उडाली होती. आठ दिवसांपूर्वी गावात आलेले एक सिद्धबाबा जिथून चालत गेले, तिथे गवतात गर्द हिरवी पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं, थेट पाणवठ्यापर्यंत!

"बादलीत मंत्राचं पाणी ढवळलं आणि ते बर्फाशिवाय गार पडलं," शिवणवाल्या काकू सांगत होत्या. "मी स्वतः हात घातलाय! त्याच पाण्यात दर दहा पावलांनी स्पंजाच्या चपला बुडवत बाबा चालले."

बाबांची वाणी तर ऐकण्यासारखी. "आदल्या दिवशी गवत कापून भूमीचा पडदा काढा, बाळांनो. मग मी पाऊल ठेवतो. पण पाऊल दिसतंय तोवर विळा लावाल, तर तो माझ्या पायावर पडेल!" पाय बाबांचा आणि हाल गुरांचे, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या शिरत होतं. पण कुरण त्यांच्या थोरल्या भावाचं, आणि भाऊ हट्टाला पेटलेला. पुढच्या दोन महिन्यांत गवताला तुरे आले, काड्या झाडूसारख्या कडक झाल्या. त्याची गाभण तांबडी गाय तेच चघळून हाडांचा सापळा झाली होती.

"दादा, वेळेवर कापलं तरच गवतात सत्त्व राहतं. तांबडी वेतापर्यंत टिकायची नाही."

"बाबा बघतील."

शेवटी हातापाया पडून बाईंनी त्याच्या मागच्या तुकड्यात प्रयोग करायची परवानगी मिळवली. कापता येईल असं कोवळं गवत आता तेवढंच उरलं होतं. अर्धा तुकडा त्यांनी कापला, पायांत बाबांसारख्या स्पंजाच्या चपला घातल्या आणि दर दहा पावलांनी बादलीत पाय बुडवत चालल्या. वर पाणी शिंपडलं. नवव्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. गवतात हिरवी पावलं हजर!

"हा युरिया," बाईंनी पिशवीच वर धरली. "पाण्यात विरघळला की पाणी गार पडतं. कापलेलं गवत नव्यानं फुटत असतं, त्याला हे खत मिळालं की ते गर्द होतं. बाबांची पावलंही नीट बघा. बादलीनंतरचं पहिलं ठळक, दहावं फिकट. देवाची शक्ती दहा पावलांत संपते का? डोळे आहेत, ते वापरा. विचारा, करून बघा. आणि दादा, आज विळा लाव."

काकूंनी हळूच चपला काढल्या आणि बाईंच्या पहिल्या पावलावर डोकं टेकलं.

"बाई, तुमच्याही पायांत आहे हो ते!"

"अहो, युरिया आहे!"

"बाबाही असंच लपवतात," मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी भावाकडे पाहिलं. हा तरी हसेल, असं त्यांना वाटलं. त्यानं मुकाट्यानं विळा उचलला, गोठ्याच्या आढ्याला खोचला आणि दोरी आणून तो तुकडाही चहूबाजूंनी बांधून घेतला.

"कापू नका रे कुणी," तो म्हणाला. "माझ्या बहिणीची पावलं आहेत."

दोरीपलीकडे तांबडी मान लांब करून उभी होती. हिरवं गवत तिच्या तोंडापासून हातभर दूर होतं.