बाबांनी मापात कापलेला नमदा

"काहीही काढायच्या आधी, आहे तसं बघ. एकदा काढलंस की ते तसं राहत नाही."

बाबांचं हे वाक्य थोरलीच्या कानात इतकं मुरलं होतं की ते वेगळं असं ऐकू येणंच बंद झालं होतं. बोटींच्या विजेची कामं करणारं छोटंसं वर्कशॉप त्यांनी तिच्या हाती सोपवलं, त्याला बराच काळ लोटला. किल्ल्या देताना त्यांनी एक वचनही घेतलं होतं. "माझ्या हातचं काही चुकलेलं दिसलं, तर मला वाईट वाटेल म्हणून झाकून ठेवू नकोस. सरळ दुरुस्त कर." तुमच्या हातचं काय चुकणार, म्हणून ती हसली होती; पण वचन दिलं होतं.

आज मात्र ती रडकुंडीला आली होती. तिची धाकटी बहीण किनाऱ्यावर जीवरक्षक. धाकटीची वॉटर स्कूटर, म्हणजे पाण्यावर पळणारी मोटारसायकलच, दोन-चार दिवस नुसती उभी राहिली की बॅटरी उतरायची. मागच्या आठवड्यात एक माणूस पाण्याच्या ओढीला लागून आत चालला होता. धाकटीने बटण दाबलं, स्कूटरने नुसतं 'टिक्' केलं. मग ती पोहत गेली. त्याला घेऊन आली खरी, पण दोघांचाही जीव कंठाशी आला होता.

जीवरक्षकांच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत. त्याने आज निर्वाणीचं सांगितलं होतं. "दुपारपर्यंत दोष दाखवा. नाहीतर ही भंगारात आणि नवी येईपर्यंत सगळं पोहूनच."

आणि धाकटी पोहत जाणार, यात थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. तीच तर धास्ती होती.

सगळे उपाय करून झाले होते. बॅटरी वर्कशॉपच्या फळीवर ठेवली की ठणठणीत. स्कूटरमध्ये बसवली की मान टाकायची. म्हणजे स्कूटरच काहीतरी खात असणार, म्हणून थोरलीने वायर सोडवून मध्ये मीटर लावलं होतं. बंद स्कूटर ओढत होती ती वीज अगदी नावापुरती. फ्यूज काढून पाहिले. नवी बॅटरी घातली, तीही झोपली.

"ताई, तुझ्यासमोर ही फार शहाण्यासारखी वागते," किनाऱ्यावरच्या शेडच्या दारात टेकून धाकटी म्हणाली. "पाहुणे आले की पोरं वागतात ना, तशी."

"आणि मी गेले की?"

"कुंभकर्णाची सख्खी बहीण!"

थोरलीने सीट उचलून बाजूला ठेवली. खाली बॅटरी, बॅटरीवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाची, जाड पट्टी आणि सगळं आवळून धरणारा रबरी पट्टा. सवयीने तिचा हात पट्ट्याकडे गेला. पट्टा सोडवायचा, नमदा उचलून बाजूला ठेवायचा, मग मीटर लावायचं. कितीदा केलं होतं तिने हे.

हात पट्ट्यावर पोचला आणि तिथेच थांबला. काढायच्या आधी…

"काय झालं गं?"

"मी दरवेळी आधी हा नमदा काढते."

"मग? काढल्याशिवाय दिसणार कसं?"

"तेच तर. हा असताना मी कधी पाहिलंच नाही."

नमदा बाबांनीच कापलेला. लाटांवर आपटताना बॅटरी खडखडू नये म्हणून, कोपरे गोल करून, बाळावर पांघरूण घालावं इतक्या मायेने. टर्मिनलवरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या दोन खुंट्यांवरच्या, रबरी टोप्या केव्हाच विरून गेल्या होत्या आणि नमदा आता थेट दोन्ही टर्मिनलांवर टेकला होता. थोरलीने बोटाने दाबून पाहिला. आत ओल होती, समुद्राची, चिकट.

तिने मीटरचं एक टोक कडेने सरकवून मायनसला लावलं. दुसरं टोक कुठल्याही वायरीवर नाही, नमद्याच्या मधोमध टेकवलं.

मीटरवर आकडा उमटला.

"ताई, ते कापड आहे ना?" धाकटी नकळत कुजबुजली.

थोरलीने टोक हळूच प्लसच्या दिशेने सरकवलं, तसा आकडा चढला. आणखी सरकवलं, आणखी चढला. मागे आणलं, तसा एकेक पायरी उतरावी तसा उतरत आला. त्या मळक्या चिंधीत वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने उभी होती. ना आवाज, ना उजेड, ना ऊब. सगळे आपापल्या घरी झोपलेले असताना अख्खी बॅटरी या खाऱ्या ओलीतून, वायरीतून जावी तशी, गुपचूप वाहून जात होती. केवढी ताकद, आणि केवढं तिचं मौन! थोरलीला वाटलं, मीटर खाली ठेवून आधी हात जोडावेत.

मग तिने नमदा उचलला. प्लसकडचं टोक शेवाळासारखं हिरवं झालं होतं, मायनसकडचं पांढरं. खूण कधीची तिथेच होती, उलटी करून बघणारं कुणी नव्हतं.

"म्हणजे तपासणीच्या वेळी चोराला आपणच बाहेर नेऊन बसवत होतो," धाकटी म्हणाली, "आणि तपासणी झाली की आदराने परत घरात!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

कॅप्टन आला. थोरलीने नमदा ठेवून आकडा दाखवला, मग काढून, बॅटरीचा माथा पुसून, त्यावर टोक टेकवून दाखवलं. आकडा गेला.

"पुन्हा ठेवा बघू," कॅप्टन म्हणाला. मग आणखी एकदा. जादूचा खेळ पाहणाऱ्या मुलासारखा तो वाकून बसला होता. अखेर उठला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भंगाराचं राहू द्या."

थोरलीने गोड्या पाण्याने सगळं पुसून कोरडं केलं, नव्या टोप्या चढवल्या, नमद्याच्या जागी रबराचा तुकडा बसवला. धाकटीने बटण दाबलं आणि स्कूटर गुरगुरली. धाकटी तिच्या नाकाडावरून हात फिरवत राहिली.

मग थोरलीने बाबांना फोन लावला. आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं,

"मापात होता ना गं?"

"अगदी मापात होता, बाबा."

"तिथेच चुकलं. बोटभर आखूड कापला असता, तर टर्मिनलला टेकलाच नसता." ते खाकरले. "टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्कूटरलाही मीच घातलाय."

"ठाऊक आहे."

"हसतील मला तिथली माणसं."

"मी सांगेन ना, आकडे कसे चढतात ते. हसायचं विसरतील."

"जाशील?"

"शब्द तुम्हीच घेतलाय," ती म्हणाली.

तिने बाबांचा नमदा उन्हात वाळत घातला. मीटर, कात्री आणि रबराची गुंडाळी पिशवीत टाकली. धाकटी स्कूटर पाण्यात ढकलत होती. तिला हाकही न मारता थोरली टेकडीच्या वाटेला लागली.