पारड्यातला छोटा ढीग

मी एक जुनी तागडी आहे. एका पारड्याची, हिरव्या रंगाची. कोपऱ्यांवरचा रंग केव्हाच उडाला आहे. मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते २०२१ सालच्या शरदात घडले. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोंटानाच्या आमच्या खोऱ्यात बर्फ लवकर पडले आणि दुकानांतून काडतुसे भरायचे सामान नाहीसे झाले. मी तेव्हाही इथेच होते, व्हर्ना हुस्टाडच्या गॅरेजमध्ये. आजही इथेच आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझी दांडी ज्या धारेवर डोलते ती धार अकीक दगडाच्या खोबणीत बसते. ती खोबण एका बाईने भिंगातून पाहून घासली होती. घासून झाल्यावर तिने माझ्यावर हळूच फुंकर मारली. काटा हलला, डोलला आणि बरोबर मधोमध येऊन थांबला. ती मान हलवून म्हणाली, "ही खोटे बोलणार नाही." त्या एका वाक्याचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला आहे. त्यातले अपुरेपण कळायला फार वर्षे जावी लागली.

आर्विड हुस्टाडने मला विकत घेतले ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. व्हर्नाने त्याला स्वयंपाकघरासाठी पडदे आणायला पाठवले होते. त्याने मला टेबलावर ठेवून वरचा कागद सोडला, तेव्हा तिने मला खालीवर पाहिले.

"खिडकीला ही टांगू का?" ती म्हणाली.

पडदे पुढच्या वर्षी आले. पण त्या हिवाळ्यात घरात मांस होते, आणि त्यात माझाही वाटा होता.

गोळी सुटली की काडतुसातले काय उरते? पितळी पुंगळी. ती फेकायची नाही. पुसायची, दाबयंत्रात घालून पुन्हा आकारात आणायची. बुडाशी नवी टोपी बसवायची, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी वाटी. मग आत दारू भरायची, बंदुकीची, आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. दारू किती, हे माझ्यावर ठरायचे. चिमूटभर इकडची तिकडे झाली तर नेम चुकतो. फार जास्त झाली तर बंदूकच फुटते, आणि बंदुकीच्या मागे माणसाचा चेहरा असतो.

आर्विडने एक पुंगळी कापून तिला तारेचा दांडा जोडला होता. ही त्याची पळी. पळीने दारू माझ्या पारड्यात टाकायची, मग चिमटीने दाणा दाणा सोडायचा, काटा मधोमध येईपर्यंत. तेवढा वेळ तो श्वास रोखून बसायचा. आणि त्याचा एक नियम होता. टेबलावर दारूचा एकच डबा. काम झाले की उरलेली दारू त्याच डब्यात, आणि डबा कपाटात. त्याआधी कॉफीसुद्धा नाही. दुसऱ्याच्या उघड्या डब्यातली दारू तर तो फुकट दिली तरी घेत नसे. शेजारीपाजारी त्याला हसायचे, पण आपापली वजने तपासायला माझ्याकडेच यायचे. ते दिवस फार चांगले होते.

आर्विड गेला त्याच्या आदल्या शरदात त्याने एल्कच्या, म्हणजे इकडच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीसाठी काडतुसांची एक डबी भरून ठेवली होती. त्या डबीतला एकेक दाणा मी तोलला होता. ती शिकार झालीच नाही. व्हर्नाने ती डबी त्याच्या लोकरी हातमोज्यांबरोबर खणात ठेवली आणि खणाला कुणाला हात लावू दिला नाही. मुलीने, कॉलीनने, आईला सेलवर चालणारा नवा वजनकाटा आणून दिला. मला टॉवेलमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. व्हर्नाने तो नवा काटाही फारसा वापरला नाही. दुकानात तयार काडतुसे मिळत होती. फळीवर मला फक्त गॅरेजच्या दाराचा आवाज ऐकू यायचा.

मग टंचाई आली. पहिल्यांदा टोप्या संपल्या, मग दारू, मग तयार काडतुसेही. जे मिळे त्याची किंमत तिप्पट. माल येतो त्या दिवशी माणसे दुकान उघडायच्या आधीपासून गाड्यांत बसून राहत आणि एकमेकांकडे पाहणे टाळत. दुकानदाराने दारूच्या रिकाम्या फळीवर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती. कुणी विचारले तर म्हणायचा, "सांत्वनाला आलेल्या माणसांसाठी आहे." गॅरेजची दारे सताड उघडी ठेवणारे शेजारी ती अर्धीच उघडू लागले. कुणाकडे किती आहे हे कुणी सांगेना.

त्यातच लाकडाची गिरणी बंद पडली आणि कॉलीनचे काम गेले. तिच्याकडे एल्कचा परवाना होता. तिने आईला सांगितले, "यंदा बाबांची रायफल घेऊन मी जाणार. एक एल्क मिळालं तर हिवाळाभर मांसाची चिंता नको." पण आर्विडची रायफल जुन्या मापाची. तिची काडतुसे भरल्या बाजारातही क्वचित दिसायची, आता तर नावच नको.

व्हर्नाने नवा काटा काढला. त्यातला सेल फुटून हिरवा झाला होता. मग तिने स्टुलावर चढून मला खाली काढले, टॉवेल सोडला आणि अकिकाच्या खोबणीवर फुंकर मारली. काटा मधोमध आला. "आलीस तू," ती हळूच म्हणाली. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

तिच्याकडे टोप्या थोड्या होत्या, दारू अजिबात नव्हती. ड्वेन प्रूइटकडे नेमके उलटे होते. ड्वेन म्हणजे आर्विडचा शिकारीचा जुना सोबती, दोन घरे सोडून राहणारा. तो काकडीच्या लोणच्याची बरणी काखेत धरून आला. बरणीत करडी, बारीक दाण्यांची दारू होती आणि बाहेर चिकटपट्टीवर दारूच्या जातीचे नाव लिहिले होते. व्हर्नाने ती जात कधी वापरली नव्हती.

"ही बरणीत का?" तिने विचारले.

"अर्धी हार्लनला दिली, म्हणून. भाऊ आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. थोडी मला ठेवलीय. तुझ्याकडच्या अर्ध्या टोप्या दे आणि ही घे."

"डबा उघडा होता की बंद?"

"बंद होता गं. आर्विडसारखी उलटतपासणी नको घेऊस. तो गेला, निदान आता तरी सुटलो म्हटलं होतं."

व्हर्ना हसली. तिला बऱ्याच दिवसांत कुणी हसवले नव्हते. अर्ध्या टोप्या गेल्या आणि बरणी टेबलावर आली.

दोन दिवसांनी तिने काडतुसे भरायच्या पुस्तकात त्या जातीचे वजन पाहिले, माझी वजने लावली आणि पळीने दारू टाकली. मी धाडकन खाली गेले. एवढ्या वर्षांत त्या पळीने मी अशी कधी खाली बसले नव्हते. तिने दारू काढली, थोडी थोडी टाकली, श्वास रोखला. काटा मधोमध आला. वजन बरोबर होते. पण माझ्या पारड्यातला ढीग केवढासा होता. एरवी मूठभर वाटणारी दारू आज चिमूटभर दिसत होती.

"जड आहे ही," व्हर्ना स्वतःशी पुटपुटली आणि पुढची पुंगळी घेतली.

मी काय करणार? मला फक्त किती ते कळते. काय आहे, ते कळत नाही. दर वेळी काटा मधोमध येत होता, आणि तो तसा आला की तिला धीर येत होता. माझ्याच खरेपणामुळे तिला धीर येत होता. त्या दुपारी माझी दांडी थरथरली असेल तर ती वाऱ्याने नव्हे.

सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या राहिल्या. गोळ्या बसवायच्या आधी व्हर्नाने सवयीने बॅटरीचा उजेड एकेकीत सोडला. आर्विडच्या दारूने पुंगळी मानेपर्यंत भरायची. ही कशीबशी निम्म्यावर होती, सगळ्यांत सारखी. तिने बॅटरी विझवली. पुन्हा लावली. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

तेवढ्यात कॉलीन दारातून आत आली. बुटांवर बर्फ होता.

"झाली का आई? उद्या पहाटे निघायचंय."

"नाही."

"मग हे काय उभं आहे?"

"हे कमी वाटतंय मला."

"वजन केलंस ना?"

"वजन बरोबर आहे."

"मग?"

कॉलीन भिंतीला टेकली. "आई, फ्रीजरमध्ये काय उरलंय माहितीये तुला? मटार. मी काही हौसेनं चाललेली नाही."

"मला तुझा चेहरा हवाय, कॉलीन. तो आहे तसा हवाय."

व्हर्नाने सगळ्या पुंगळ्या एकेक करून बरणीत उलट्या केल्या. त्या वर्षी दारूचा दाणा सोन्यासारखा होता, आणि ती तो परत ओतत होती. मग ती घरात गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा तिच्या हातात आर्विडची डबी होती.

"हा बाबांचा खण आहे," कॉलीन म्हणाली.

"बाबांनी ही शिकारीसाठी भरली होती. खणासाठी नव्हे. रिकाम्या पुंगळ्या तेवढ्या परत आण."

कॉलीनने डबी दोन्ही हातांनी घेतली.

व्हर्ना खुर्चीवर बसली आणि लगेच पुन्हा उठली. बरणीत सगळी दारू नव्हती; ड्वेनने थोडी स्वतःला ठेवली होती. बाकीची? तिने ड्वेनला फोन लावला. त्याची बायको म्हणाली, तो खडीच्या खाणीवर गेलाय, रायफलचा नेम तपासायला.

मित्रांनो, मी त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत बसले. शेजारच्या सीटवर, टॉवेलमध्ये, बरणी आणि पळीसकट. रस्त्यावर बर्फ होते आणि व्हर्ना ज्या वेगाने गाडी हाकत होती त्या वेगाने आर्विडने तिला ती कधी हाकू दिली नसती. प्रत्येक वळणावर ती काच खाली करून कान देत होती. गोळीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून की यावा म्हणून, मला कळले नाही.

ड्वेन वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून बोटांत फुंकर मारत उभा होता.

"उडवलीस का एखादी?" ती गाडीतूनच ओरडली.

"हात गारठलेत. आता उडवतो. तू काय चहाला आलीस इथं?"

तिने गाडीच्या सीटवर माझे पारडे मांडले आणि त्याला पळीने दारू टाकून दाखवली. मी धाडकन खाली बसले. त्याने खांदे उडवले. "जड दारू असते एखादी. म्हातारपणी तुला सगळ्यात भूत दिसायला लागलंय."

"डबा बंद होता का, ड्वेन?"

तो खाणीकडे पाहू लागला. "मेलेल्या माणसाच्या गॅरेजमधला होता. सगळं सामान विकायला काढलं होतं पोरांनी. झाकण जरा सैल होतं. पण नाव छापलेलं होतं डब्यावर."

"डब्यावर. आत काय ओतलं होतं ते त्या मेलेल्याला ठाऊक. ही पिस्तुलाची, झटकन भडकणारी दारू असली तर एवढ्याच वजनाला रायफल फुटेल."

"व्हर्ना, या टोप्यांसाठी मी अख्खी सकाळ रांगेत घालवायचो आणि तू म्हणतेस..."

तिने वाद घातला नाही. ती रायफलपाशी गेली, बोल्ट मागे ओढून बाहेर काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी.

"घरी ये. रानातल्या हकलबेरींचा केक केलाय. खाऊन झाला की बोल्ट देते. आधी हार्लनला फोन कर."

ड्वेनचा चेहरा तेव्हा बदलला. भावाचे नाव तो विसरला होता. त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही लावला. व्हर्ना माझ्यावर टॉवेल घालायला विसरली. वाऱ्याने माझा काटा वरखाली होत राहिला. त्या क्षणी कुणी काही तोलले असते तर माझ्याकडून खरे उत्तर मिळाले नसते.

संध्याकाळी इस्पितळातून कळले. हार्लनने सकाळीच एक गोळी झाडली होती. रायफल मागच्या बाजूने फुटली.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. हार्लन वाचला. त्याचा उजवा डोळा गेला. तो आता डाव्या डोळ्याने मासे पकडायच्या गळासाठी पिसा-दोऱ्याच्या खोट्या माश्या बांधतो, आणि त्या चांगल्या असतात. ड्वेनने उरलेली दारू व्हर्नाच्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यात स्वतः पसरली; जुनी दारू इथे अशीच मातीत घालतात. भावाला ती आपण दिली हे तो आजही विसरलेला नाही. आता तो कुणाचा उघडा डबा घेत नाही आणि लोकांची उलटतपासणी आर्विडपेक्षा जास्त घेतो. कॉलीनला एल्क मिळाले. तिने रिकाम्या पुंगळ्या आणि डबी आईसमोर ठेवली. पुढच्या वसंतात तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागले. व्हर्ना गेल्या हिवाळ्यात गेली. आता टेबल कॉलीनचे आहे, आणि हातमोजेही. दारूची किंमत काही खाली आलेली नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. वस्तू मिळेनाशी झाली की हात घाईचे होतात आणि झाकणे सैल होतात. नेमके तेव्हाच डब्यावरचे नाव आणि डब्यातली वस्तू एकच राहू द्या. काटा मधोमध आला म्हणून निर्धास्त होऊ नका. किती ते मी सांगेन. काय आहे ते तुमच्यापैकी कुणीतरी आधी विचारायला हवे. कॉलीन विचारते. विचारून झाले की ती माझ्यावर फुंकर मारते, आणि मग आम्ही दोघी श्वास रोखतो.