दुसऱ्या अंकातलं मरण

दत्ताराम मास्तरांनी अकरा वर्षांत अकरा नाटकं लिहिली आणि अकराही नाटकांत थोरला भाऊ दुसऱ्या अंकात मेला. पहिल्यात तो खाडीत बुडाला, दुसऱ्यात त्याला फुरसं चावलं, तिसऱ्यात क्षय झाला. दारूबंदीवरच्या नाटकात तर बिचारा दारूच्या थेंबालाही न शिवता मेला. दारुड्यानं भिरकावलेला नारळ डोक्यात बसला. मालवणपासून दोन कोसांवरच्या त्या गावात ही गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती, फक्त मास्तरांच्या नाही.

मास्तरांना विचाराल तर ते समाजसुधारणेवर लिहीत. विधवाविवाह, साक्षरता, सहकारी शेती. रवळनाथाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावचं मंडळ त्यांचं नाटक करी, आणि पडदा उघडायच्या आधी मास्तर स्वतः पुढे येऊन, लेखकानं स्वतःला विसरून समाजाकडे पाहिलं पाहिजे, असं दरवर्षी सांगत. थोरल्या भावाचं काम ठरलेलं, महादू चहावाल्याचं. महादूला मरायला बारा मिनिटं लागत. एका वर्षी लोकांनी वन्समोर दिला, तेव्हा तो उठला, धोतर झटकलं आणि पुन्हा मेला.

"ह्या वर्सा भाईंका कशान मारतल्यात?" बायको सुशीला तांदूळ निवडता निवडता विचारायची. मास्तर भडकत. नाटकातलं पात्र वेगळं, आमचे भाई वेगळे, तुला वाङ्मयातलं काय कळतं, असं शुद्ध मराठीत सुनवत. राग आला की ते शुद्ध बोलत.

भाई म्हणजे मास्तरांचे सख्खे थोरले बंधू, मुंबईला गोदीत कारकून. सहाव्या वर्षी मास्तर विहिरीत पडले तेव्हा भाईंनी उडी घालून बाहेर काढलं. शाळेतली नोकरी भाईंच्या शब्दावर लागली. सुशीला भाईंनीच पाहिली, आणि मुलाचं नावसुद्धा भाईंनी पोस्टकार्डावरून कळवलं. या सगळ्यात त्यांनी कधी आवाज चढवला नाही, की उपकार बोलून दाखवला नाही. बोलून दाखवला असता तर मास्तरांना एकदा कडाडून भांडता तरी आलं असतं. चाळिशी उलटली तरी त्यांची गावातली ओळख 'भाईचो भाव' हीच. नाटकाची जाहिरातसुद्धा लोक तशीच करत: "भाईच्या भावान नाटक लिवल्यान."

गणपतीला भाई घरी आले की तिसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या मंडपात नव्या नाटकाचं पहिलं वाचन होई. नारळ भाई फोडत, समोर मांडी घालून बसत आणि थोरल्या भावाच्या मरणाला सगळ्यांच्या आधी मान डोलवत. त्यांची बायको काशीबाई गावातच असे. ती बायकांत बसून पदराआड हसायची.

१९५९ सालच्या आषाढात मुंबईहून पाकीट आलं. चुलतभाऊ गुरुदास भाईंच्याच खोलीत राहायचा, त्याचं. भाईंच्या पोटात गाठ आहे, शिमगा दिसणं कठीण असं डॉक्टर म्हणतात, पण भाईंना पित्त सांगितलंय, तूही कळू देऊ नकोस. मास्तरांनी पाकीट पंचांगात दडवलं. सुशीलालाही सांगितलं नाही.

त्या वर्षीचं नाटक ग्रामपंचायतीवर होतं. दुसरा अंक निम्मा झालेला, थोरला भाऊ वादळात होडी घेऊन गेलेला. आता बुडायचा तेवढा राहिला होता. मास्तर तीन आठवडे दौतीत टाक बुडवत राहिले, भाऊ काही बुडेना. शेवटी एका सकाळी त्यांनी होडी किनाऱ्याला लावली, भावाला घरी आणलं आणि बायकोच्या हातून गरम पेज पाजली. लिहिताना त्यांना हुंदका आला. हे आपलं सर्वांत कसदार नाटक होणार, अशी त्यांची खात्री झाली.

गणपतीला भाई आले. सदरा खांद्यावरून लोंबत होता. "पित्त मेला जेवूक देणा नाय," म्हणाले आणि हसले.

तिसऱ्या दिवशी वाचन झालं. वादळ सुरू झालं तसा महादू पुढे सरकून बसला. होडी किनाऱ्याला लागली, पेज पिऊन झाली, दुसरा अंक संपला. 

"मगे मरता कधी?" महादूनं विचारलं.

"मरणा नाय," मास्तर म्हणाले.

"तिसऱ्या अंकात?"

"थंयसुद्धा नाय."

"मास्तरानू, लोक जत्रेक कित्याक येतत? पेज पिताना बघूक?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं काशीबाई हसली. "दत्तू, ह्या वर्सा माझा कुंकू राखलंस रे," ती म्हणाली. मास्तरांनी भाईंकडे पाहिलं. भाई हसत नव्हते. ते मास्तरांच्या हातातल्या वहीकडे बघत होते. मास्तरांनी मान खाली घातली.

घरी जाताना दोघेच बांधावरून निघाले, भाई पुढे, मास्तर मागे. लहानपणापासून हीच रीत.

"गुरुदासाचा पत्र इला?" भाईंनी मागे न बघता विचारलं.

"नाय."

"डाक्टर पित्त सांगता, गुरुदास पित्त सांगता. माका खरा वाटलेला." भाई थांबले. "अकरा वर्सा तू माका मारलंस. मी मुंबैत गाववाल्यांका सांगी, भाव माका दरवर्सा मारता, म्हणजे मी बरो आसंय. आज पेज पाजलंस."

ते पात्र वेगळं, तुम्ही वेगळे, हे वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं. नेहमीसारखं शुद्ध. पण ते बाहेर पडलं नाही. आपण अकरा वर्षं कुणाला मारत होतो हे त्यांना त्या बांधावर, गावाच्या अकरा वर्षं मागाहून कळलं, आणि त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली. ते लहान मुलासारखे रडू लागले.

"भाई, माका..."

"गप. माका राग नाय. सोताचा मरण पुढल्या रांगेत बसान बघणारो मी एकटोच." भाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो फार हलका लागला. "पण आता अंक परत लिही. होडी बुडव. आज काशीबाय हसली. उद्या इचार करतली."

भाईंचा शब्द जन्मात एकदा तरी मोडावा असं मास्तरांना किती वर्षं वाटत होतं. आज तो मोडावा असं मनापासून वाटलं, आणि तोच मोडता येईना.

उजेड होता तोवरच त्यांनी ओटीवर बसून पेजेची दोन पानं फाडली आणि होडी बुडवली. अक्षर वाकडंतिकडं आलं. आत काशीबाई मोदकांना उकड काढत होती. मास्तरांनी हळू आवाजात वाचून दाखवलं. भाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि सवयीनं मान डोलवली.

"बरा जमला," ते म्हणाले. "महादूक मात्र सांग, बारा मिनिटां लावू नको."

"सांगतंय," मास्तर म्हणाले.