अर्धी वाटी कुरमुरे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी वाटी आहे, पण मला स्वस्थ बसणं जमत नाही. नोएडातल्या आमच्या नव्या इमारतीत वीज गेली की खाली जनरेटर धडधडतो, फळी थरथरते आणि मी जागच्या जागी वाजत राहते.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. इंदुमतीबाईंच्या रुखवतातून मी दिल्लीला आले. त्यांचे यजमान श्यामकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी इथे फ्लॅट घेतला, तरी घरातलं प्रत्येक माप माझंच होतं. माझ्या मापाने केलेले बेसनलाडू शेजारच्या पंजाबी बाईंनाही जमले. मला भारी अभिमान वाटायचा.

मग श्यामकांतरावांना मधुमेहाने गाठलं. इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन घेतलं की न्याहारीला साठ ग्रॅम धान्य पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरेल. इंदुमतीबाईंनी वाण्याकडे तांदूळ तोलून घेतले आणि माझ्यात ओतले. मी अर्धी भरले. तेव्हापासून अर्धी वाटी म्हणजे साठ ग्रॅम, हा घरचा कायदा झाला. रव्याला तो जवळपास चालून गेला. पोह्यांना कमी पडला, आणि श्यामकांतराव ऑफिसात दुपारपर्यंत चिडचिडे झाले.

एके सकाळी बाईंनी माझ्यात कुरमुरे घेतले. पोटात काही पडलंय असं मला वाटेचना. मी तळमळले, पण वाटीला बोलता कुठे येतं?

"एवढंच?" बशीतल्या मूठभर भडंगाकडे बघत श्यामकांतरावांनी विचारलं.

"मोजून साठ ग्रॅम आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या तब्येतीशी मला खेळायचं नाही."

ते ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसच्या थांब्यावर गेले आणि तिथेच घामाने डबडबून खाली बसले. नशिबाने कॉलेजला निघालेली त्यांची मुलगी तेजश्री सोबत होती. तिने पानवाल्याकडून साखर घेऊन त्यांना पाण्यातून पाजली आणि रिक्षातून घरी आणलं.

ते सावरल्यावर तिने स्वयंपाकघर गाठलं. "आई, किती दिलं होतंस?"

"अर्धी वाटी. नेहमीसारखंच."

"अगं, ग्रॅम म्हणजे वजन. वाटीत फक्त जागा मोजली जाते. तांदूळ आणि कुरमुरे सेम कसे असतील, यार?"

बाईंनी मला उचलून उलटसुलट करून पाहिलं. मला भंगारवाल्याची हाक ऐकू येऊ लागली.

संध्याकाळी तेजश्री काट्याचा छोटा तराजू घेऊन आली. मला त्यावर ठेवून तिने काटा शून्यावर आणला आणि कुरमुरे ओतले. मी काठोकाठ भरले, तरी काटा पंधराच्या आसपास. तिने मला परातीत रिकामं केलं, पुन्हा भरलं. साठ ग्रॅम व्हायला मी चार वेळा भरले. परातीत कुरमुऱ्यांचा ढीग झाला.

"हे सगळं माझं होतं?" श्यामकांतराव हसत म्हणाले.

इंदुमतीबाईंना हसू आलं नाही. त्या ढिगाकडे बघत त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी तुम्हाला उपाशी ठेवत होते हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला टाकलं नाही. आता रोज सकाळी मी तराजूवर बसते आणि काटा थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वाटीला जपा, तिला चिंच लावून घासा. पण ज्याच्या जिवाला ग्रॅमचा हिशेब लागतो, त्याचं ताट वाढताना नुसतं 'किती' विचारू नका. आधी विचारा, 'कशाचं?'