वाढव

सातवा दिवा सोमवारी संध्याकाळी गेला. तसे गेले सातही, पण म्हाताऱ्याने वहीत नोंद करताना सातव्यापासून सुरुवात केली, कारण तो पाण्याच्या सर्वांत जवळ होता.

घरामागची बाग उतरत उतरत एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी संपत होती. खाण आता काठोकाठ पाण्याने भरलेली होती. मागच्या दारापासून तिथल्या पायऱ्यांपर्यंत मुलीने हे सात दिवे बसवून दिले होते. अंधारू लागलं की ते आपोआप लागत, आणि त्यांच्याजवळून कोणी गेलं की म्हाताऱ्याच्या फोनवर घंटा वाजे. दिवे बंद असले की घंटाही मुकी. हा सगळा खटाटोप त्याच्या बायकोसाठी होता. दोन वर्षांपासून तिची आठवण विरत चालली होती आणि संध्याकाळ झाली की तिचे पाय उताराकडे वळत. फाटकाला कुलूप घातलं तर ती कुंपणावर चढायची. थंडीत एकदा ती पायऱ्यांवर सापडली, तेव्हा दूरच्या शहरातून मुलीने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आणखी एकदा आई पाण्याकडे गेली, की मी येऊन तिला देखभाल केंद्रात नेणार. मग तुमचं काही ऐकायची नाही."

म्हाताऱ्याची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. तिथे त्याचा एक नेम होता: एका वाचनात एकच गोष्ट बघायची. एकदा नुसते काने-मात्रे, एकदा नुसती विरामचिन्हं. दिव्यांनाही त्याने तोच नेम लावला. सोमवारी फक्त वीज. मुख्य बटण खालीवर केलं तसे दिवे लागले, पण मंगळवारी पावणेसातला पुन्हा गेले. मंगळवारी फक्त तारा. चौथ्या दिव्यात मुंग्यांनी घर केलं होतं, ते झाडून काढलं. बुधवारी फक्त निरोप. हे दिवे एकमेकांना निरोप देत. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मधला एखादा बहिरा झाला असेल म्हणून त्याने चौथा आणि सहावा अदलाबदल करून पाहिले. पावणेसातला सातही दिवे एकदम गेले. जणू कोणी फुंकर मारली.

बायको व्हरांड्यात बसून त्याची ही लगबग बघत होती.

"अहो, काय हरवलंय?"

"काही नाही गं. चूक शोधतोय."

"सापडली की मलाही सांगा. माझंपण काहीतरी हरवलंय, पण काय ते आठवत नाही." आणि ती स्वतःच हसली.

तिला सांभाळायला सोमवारपासून नव्या ताई येऊ लागल्या होत्या. मोठ्या तत्पर. स्वयंपाकघराच्या दारातून त्या म्हणाल्या, "काका, या दिव्यांइतकी सेवा माझ्या नवऱ्याने माझी केली असती तर मी दिवसासुद्धा लागले असते!"

म्हातारा लाजून वहीत बघू लागला.

गुरुवारी रात्री मुलीचा फोन आला. कानांना कमी ऐकू येई, म्हणून तो फोनचा स्पीकर नेहमी चालूच ठेवी.

"बाबा, फोनवरच्या नोंदी पाहिल्यात का? दिव्यांना कोणी काय सांगितलं, ते सगळं तिथे उमटतं."

त्याने पाहिलं. चारही संध्याकाळी एकच ओळ होती: *स्वयंपाकघरातून आवाजी आज्ञा – वाढव. बाहेरचे दिवे बंद.*

त्याने ओळ दोनदा वाचली. काना-मात्रा जागच्या जागी. ओळीत काही चूक नव्हती, आणि म्हणूनच त्याने ती तिसऱ्यांदा वाचली.

कारण ती आज्ञा त्यानेच शिकवली होती. बायकोच्या माहेरी दिवा कधी 'विझवत' नसत. तो शब्दच अभद्र. दिवा 'वाढवायचा'. बाकी सगळं विसरली तरी हे ती विसरली नव्हती. झोपताना "दिवे वाढव" म्हणायची, आणि स्वयंपाकघरातली, तोंडी आज्ञा ऐकणारी बोलकी डबी शब्दाला जागून दिवे आणखी प्रखर करायची. मग ही घाबरून दाराकडे धावे. तेव्हा हिवाळ्यात एक अख्खी दुपार खर्चून त्याने डबीला पढवलं होतं: या घरात वाढव म्हणजे बंद कर. त्या दिवशी त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

म्हणजे दिवे तीच घालवत होती. घंटा वाजू नये म्हणून? इतकं तिला कळत होतं?

"काय दिसतंय बाबा?"

"विशेष काही नाही," तो म्हणाला. वहीतही त्याने काही लिहिलं नाही.

रात्रभर तिच्या श्वासाकडे कान देऊन तो पडून राहिला. शुक्रवारी त्याने शेवटचं वाचन ठरवलं. त्यात फक्त बायको. व्हरांड्यात तिला खुर्ची दिली, मांडीवर लोकरीचा गुंता दिला. तिथून डबीला तिचा आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं. "एवढा सोडवून ठेव. मी आलोच." मग तो सातव्या दिव्यापाशी जाऊन उभा राहिला, कारण तिथून सगळी रांग एका नजरेत येई. आता दिवे टिकले, तर दोष तिचा. गेले, तर ती निर्दोष. पाठीशी पाणी होतं. दिवे गेलेच पाहिजेत, अशी तो मनातल्या मनात विनवणी करत राहिला.

पावणेसातला सातही दिवे गेले.

"ती नव्हे!" तो मोठ्याने म्हणाला. लहान मुलासारखा आनंद झाला त्याला. त्या आनंदात तो किती वेळ तसाच उभा राहिला, ते त्याला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही. मग त्याने चाचपडत ताईंना फोन लावला.

"ताई, दिवे गेले."

"अगंबाई! आत्ताच तर वाढवायला सांगितले मी. तुमच्या लेकीने बजावलंय ना, अंधारलं की दिवे वाढवायचे. रोज सांगते मी, आणि मग डासांसाठी खिडकी लावून घेते. थांबा, परत सांगते." आणि फोनमधून त्यांचा खणखणीत आवाज आला, "बाहेरचे दिवे वाढव!"

"ठीक आहे," डबी आज्ञाधारकपणे म्हणाली.

अंधार होता तसाच राहिला. जन्मभर तो अक्षरं तपासत आला होता. शब्द कोणाच्या तोंडचा, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

अगदी जवळून चपला फटफटत गेल्या. सावकाश नव्हे, उतारावर तिचे पाय तरुण होत.

"कोण? अगं, थांब!"

खाली पाणी हललं.

"ताई, लाव म्हणा! वाढव नाही, लाव! लाव म्हणा!"

"लाव?"

"लाव!"

सातही दिवे लागले. ती दुसऱ्या पायरीवर, घोटाभर पाण्यात, त्याच्याकडे पाठ करून उभी होती. हातातून लोकरीचा धागा सुटत सुटत वर व्हरांड्यापर्यंत गेला होता. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. ती निमूटपणे वळली. "सुटला बघा गुंता," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात ताई तिचे पाय पुसत होत्या. म्हाताऱ्याने वही उघडली. 'दोषाचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'मी', आणि त्यापुढे पूर्णविराम दिला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मला इथे दिसतंय, आत्ता सगळे दिवे गेले होते. काय झालं?"

"एका शब्दाची चूक होती. सापडली. आता दुरुस्त करतो."

"आणि आई?"

"घरात आहे. इथेच आहे माझ्यासमोर."

यात खोटं काही नव्हतं. ताईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

लेकीचा आवाज ऐकून बायकोचा चेहरा उजळला. ती फोनकडे झुकली आणि गुपित सांगावं तशी म्हणाली, "पाणी फार गार होतं गं. उद्या लवकर जाईन म्हणते, ऊन असताना."



"बाबा," मुलगी म्हणाली, "कुठलं पाणी?"