तेविसावा तास

"बाई, तेविसावा तास कुठे गेला?"

मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले, झाकण लावलं. तेवढाच काय तो वेळ मिळाला. समोर बसलेली ही माझी पीएच.डी.ची मार्गदर्शक. तिचं वय चौतीस, माझं चोपन्न. बावीस वर्षांपूर्वी हीच दोन वेण्या घालून सहावीत माझ्या वर्गात बसायची. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणते आणि ती मला मॅडम म्हणते. पण तिच्या खोलीचं दार लागलं की तिच्या तोंडून 'बाई' निघतंच, आणि मग माझंही 'अगं' सुटतं.

"कुठला तेविसावा?"

"बासष्ट तास ऑनलाइन घेतले असं पहिल्या प्रकरणात लिहिलंय तुम्ही. तक्त्यात ओळी एकसष्ट. बावीसनंतर एकदम चोवीस."

"त्या दिवशी तांत्रिक अडचण होती."

"कसली?"

"तांत्रिक म्हणजे तांत्रिक गं. आता काय यंत्राच्या पोटात शिरून सांगू?"

ती हसली नाही. कागद सरळ केले आणि म्हणाली, "तुमच्या तासाला वहीचं पान फाडलं तर काय व्हायचं बाई?"

झालं. माझीच काठी माझ्याच पाठीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी मी मुलांना गणिताच्या वहीच्या पानांवर आकडे घालायला लावते. गणित चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. खोडरबर नाही, गिरगटणं नाही, आणि पान फाडणं तर मुळीच नाही. पोर कुठे चुकलं हेच दिसलं नाही, तर मी शिकवू काय, कपाळ?

"मी एकतीस नंबरचं पान फाडलं होतं," ती म्हणाली. "अख्खी मधली सुट्टी उभी होते."

"अजून आठवतंय तुला?"

"मला नाही. पायांना आठवतंय." आता मात्र ती हसली. "बाई, ओळ ठेवा किंवा काढा. काढलीत तर का काढली ते लिहा. प्रबंध द्यायला तीन आठवडे आहेत. आणि जमलं तर त्या दिवशीच्या मुलांना विचारा."

मी घरी आले ती धुमसतच. भांडी जरा जास्तच आपटली गेली असावीत, कारण आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. यांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. कुठला भाग कुरकुरतोय ते यांना लांबूनच ऐकू येतं.

"डॉक्टरीणबाई, काय बिनसलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरंच काहीतरी."

शेवटी सांगितलं. सहा वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी हातात ओला झारा धरून आमच्या यांना सांगितली.

शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. मी झोपायच्या खोलीत कपाटाच्या दाराला फळा टांगला होता. समोर स्टूल, स्टुलावर डब्यांची चळत, चळतीला टेकवलेला फोन. मुलं तासाला चित्रं पाठवायची, मधेच मांजराचे आवाज काढायची, म्हणून तास सुरू झाला की मी सगळ्यांचे माइक बंद करायची आणि त्यांचं लिहून पाठवणंही बंद करायची. फार शिस्तीची ना मी! त्या दिवशी सगळ्यांचे माइक बंद करता करता माझाही झाला. आणि मी अपूर्णांकांची बेरीज शिकवली. चाळीस मिनिटं. छेद समान का करायचे ते जीव तोडून समजावलं, मधे एक विनोद केला, त्यावर स्वतःच हसले. फळ्यापासून फोन चांगला चार पावलं लांब. मुलांचे चेहरे वाटाण्याएवढे दिसायचे. मधेच सगळ्यांनी वह्या उंच धरल्या. मला वाटलं, उत्तरं दाखवतायत. मी म्हटलं, "शाब्बास! शाब्बास! आता वह्या खाली." तेही कुणाला ऐकू गेलं नाही. तास संपवायला फोनजवळ गेले आणि माइकच्या चित्रावरची लाल रेघ दिसली.

दुसऱ्या दिवशी 'उजळणी' म्हणून तोच धडा परत शिकवला. आदल्या दिवसाबद्दल मी एक शब्द काढला नाही आणि मुलांनीही काढला नाही. पण त्या रात्री मी ठरवलं की हे यंत्र आहे तरी काय ते मुळापासून शिकायचं. ज्या वयात बरोबरीच्या बाया निवृत्तीचे दिवस मोजतात, त्या वयात मी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या वर्गात पोरासोरांच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या महिन्यात मला संगणकावरच्या तक्त्यात बेरीजसुद्धा घालता येत नव्हती. गणिताची बाई, आणि मी तक्ता उघडून कॅल्क्युलेटर शोधत होते! शेजारच्या पंचविशीतल्या पोरीने न हसता शिकवलं. देव तिचं भलं करो.

"मग आता अडलंय कुठे?" यांनी विचारलं.

"अहो, माझा अख्खा प्रबंध म्हणतो की आवाज स्पष्ट असेल तर मुलं टिकतात. खरखर झाली की पंधराव्या मिनिटाला वर्ग रिकामा. एकसष्ट तास तेच सांगतात. आणि हा एक तास! आवाज शून्य, आणि अडतीसच्या अडतीस मुलं शेवटपर्यंत बसलेली. ही ओळ ठेवली तर निष्कर्ष डळमळतो, आणि परीक्षकांसमोर उभं राहून सांगावं लागतं की मी बिनआवाजाची शिकवत होते. तीस वर्षांची अब्रू आहे माझी."

यांनी झारा माझ्या हातातून काढून घेतला. "मशिनीत एक स्क्रू जास्तीचा उरला, तर मी तो कधी खिशात घातला नाही. कुठला तरी असतोच तो."

बोलून गेले वर्तमानपत्र वाचायला. माणूस जन्मात कधी लांबण लावणार नाही.

त्या वर्गातली एक मुलगी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कॉलेज सांभाळून काम करते, हे मला माहीत होतं. एका जागी कधी बसायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त काढून गेले. तिने काडी घट्ट केली, काच पुसली आणि पैसे घेईना. मग मी विचारलं, "त्या दिवशीचा तास आठवतो का गं? माझा आवाज गेला होता तो?"

ती एकदम गोरीमोरी झाली. "बाई, तुम्हाला कळलं होतं?"

"शेवटी कळलं. तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! आम्ही वहीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, सगळ्यांनी. तुम्ही मान हलवली आणि परत फळ्याकडे वळलात. आमचं लिहिणं तर तुम्हीच बंद केलेलं. फोन करायचा तर ज्या फोनवर तास चालू, तोच एक घरात."

वह्या. म्हणजे ती उत्तरं नव्हती. मी काउंटरवर हात टेकला.

"मग निघून का नाही गेलात? बाकीच्या तासांना तर निम्मी पसार व्हायचात."

भिंगरी चष्म्याचं फडकं घडी घालत राहिली. "आधी गंमत वाटली. बाईंना कधी कळतंय यावर पैज लावली होती आम्ही, खोटं कशाला बोलू. पण मग तुम्ही एकट्याच हसलात ना, तेव्हा कसंतरीच झालं. इतकं मनापासून सांगत होतात, आणि ऐकू कुणालाच जात नव्हतं. म्हटलं, कुणीतरी असायला हवं ना समोर. मग उठवेना."

मला तिथे, त्या फ्रेमांच्या कपाटासमोर, भरून आलं. दुकानातला मालक बघत होता. बघू दे. तीस वर्षं मला वाटत होतं की मी मुलांना सांभाळते. त्या दिवशी बारा वर्षांची अडतीस पोरं मला सांभाळून घेत होती आणि मला पत्ता नव्हता. हा पीएच.डी.चा घाट घातला नसता, आणि माझ्याच विद्यार्थिनीने मला पकडलं नसतं, तर हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी तेविसावी ओळ परत घातली. 'आवाज : शून्य. कारण : शिक्षिकेचा माइक तिच्याच चुकीने बंद.' त्याखाली भिंगरीने सांगितलेलं सगळं लिहिलं, पैजेसकट.

मौखिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक म्हणजे वाळक्या अंगाचे, हसायचं विसरलेले सर. त्यांनी बरोबर तेच पान उघडलं.

"आवाज शून्य म्हणजे किती?"

"शून्य, सर. माइक बंद होता. चाळीस मिनिटं."

मागे बसलेल्यांत खसखस पिकली. पण पुढचं सगळं मी सांगितलं. वह्यांचं, 'शाब्बास'चं, पैजेचं. सांगता सांगता हसणं थांबलं.

"एका तासावरून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले.

"नाही होत. म्हणून त्यावरून निष्कर्ष काढला नाही. फक्त तो तास खोडला नाही."

"तुमचा मूळ निष्कर्ष यामुळे लंगडा होतो."

"हो सर. थोडा लंगडतो."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तक्ता बघत बसले. मला वाटलं, गेली म्हैस पाण्यात, चार वर्षं मातीत. मग ते म्हणाले, "मीही दीड वर्षं असं ऑनलाइन शिकवलं. माझा माइक चालू असायचा. तास संपताना समोर तिघं उरायचे." चष्मा परत चढवला. "सहा दुरुस्त्या आहेत. त्या करा. या पानाला हात लावू नका."

दार उघडून बाहेर आले तर व्हरांड्यात आमचे हे, आणि यांच्या शेजारी दुकानाची पिशवी छातीशी धरून भिंगरी. मॅडम माझ्या मागोमाग आल्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणायचं खूप होतं. "त्या दिवशी तुला उगाच उभं केलं गं," एवढंच म्हटलं.

"उगाच नव्हतं, बाई," ती म्हणाली. चारचौघांत म्हणाली.

भिंगरीने पिशवीतून वही काढली. सहावीची, गणिताची, पानांवर आकडे घातलेली. सत्तेचाळिसाव्या पानावर पेनाने गिरवून गिरवून जाड केलेली अक्षरं होती: 'बाई, आवाज येत नाहीये.'

"हे पान मला देशील?" मी विचारलं.

"फाडून?" ती म्हणाली, आणि यांना हसू आवरेना.

पान उलटलं. मागे त्या दिवशीची पाच गणितं सोडवलेली.

"आवाज नव्हता, तर ही कशी सोडवलीस?"

"फळ्यावरचं बघून. तपासायची राहिलीत बाई."

मी बाकावर बसले. मॅडमनी पर्समधून लाल पेन काढून दिलं. भिंगरी हात मागे बांधून शेजारी उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. चार बरोबर होती. पाचव्यात तिने छेदांचीही बेरीज केली होती. तिथे मी एकच रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि बाजूला गणित सोडवून दाखवलं.

मग पान परत उलटलं. त्या जाड अक्षरांखाली 'पाहिले' असं लिहिलं, आजची तारीख घातली आणि सही केली.