मांडवातलं माप

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवाल? दुकानदारावर, की त्याच्या मापावर? उत्तराची घाई नको. आधी माझी हकिगत ऐका.

मी परा बोलतोय. धान्य मोजायचं माप. तुमच्या पायलीचा थोरला भाऊच म्हणा. फणसाचं लाकूड, पितळेचे पट्टे. तमिळनाडू-केरळ सीमेवरच्या वेलंतावळमच्या नाक्याजवळ पिच्चम्माळच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. रस्त्याच्या एका अंगाला तमिळ, दुसऱ्या अंगाला मल्याळम. पिच्चम्माळ मोजायची तमिळमध्ये आणि भांडायची मल्याळममध्ये. म्हणायची, "भांडण गिऱ्हाइकाला कळायला नको का?"

मला भरलं की ती वरून तळहात फिरवायची. दाणा कमी नाही, जास्त नाही.

मग तिच्या लेकीचं, शेंबगमचं लग्न ठरलं, मल्याळी सुगतनशी. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, कार्त्यायनीनं. ती आमचं जुनं गिऱ्हाईक. तिची अट एकच: "बाकी सगळं तुमच्या रीतीनं करा. पण मांडवात आमच्यासारखा भरलेला परा हवा. शिगोशीग!"

मला घासूनपुसून मांडलं. पिच्चम्माळनं साळ ओतली, झकास शीग चढली. आणि जन्माची सवय! तिचा तळहात फिरला. शीग खाली, मी सपाट.

वराचा काका ताडकन उठला. "शुभकार्यात शीग पुसली? ऊठ रे सुगतन, चल घरी!"

शेंबगमनं उचललेली माळ पुन्हा तबकात ठेवली. पिच्चम्माळला दोन भाषा येत होत्या. त्या घडीला ती दोन्हींत माफी मागू लागली.

तेवढ्यात कार्त्यायनी पुढे आली. "बस खाली, दामोदरा. हा हात मापात पाप करणारा असता, तर तुझ्या मेव्हण्याचं दुकान सोडून मी इथे कशाला आले असते?"

तिनं सांडलेली साळ ओंजळीत घेतली, माझ्यावर ओतली आणि मोठ्यानं म्हणाली, "लाभम्!" दुकानात पिच्चम्माळ पहिल्या मापाला 'एक' न म्हणता हेच म्हणायची. आत्याबाईंच्या तोंडी ती तमिळ मोजणी ऐकून मांडव हसला.

"दुसरी ओंजळ तुझी, अक्का."

पिच्चम्माळ डोळे पुसत, तिला मल्याळममध्ये ताई म्हणत बोलली, "चेची, आधी माझा हात धर. पुन्हा फिरेल मेला!"

दोघांच्या गळ्यात माळा पडल्या.

आता दुकानात आकडे पेटणारा काटा आलाय. मी फक्त लग्नांना निघतो, दोन्हीकडच्या. पितळ काळवंडलंय, एक पट्टा सैल झालाय. तक्रार नाही. मागणं एवढंच, बाबांनो: हिशेब सचोटीनं ठेवा. गिऱ्हाईक बोलत नाही, पण बघत असतं.